लकाँट लॉज: रॉकेलचा दिवा, पाच मैलांची चढण आणि एक रात्र

पाऊलवाट (धागाकर्ती)

मागच्या ऑक्टोबरमध्ये बाबांना घेऊन स्मोकी माउंटन्समधल्या लकाँट लॉजवर एक रात्र राहून आले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते. जाण्याआधी मला शंभर प्रश्न पडले होते आणि मराठीत या जागेबद्दल सलग लिहिलेलं काही सापडलं नव्हतं, म्हणून हा धागा. ज्यांनी तिथे मुक्काम केलाय त्यांनी भर घाला, ज्यांना जायचंय त्यांनी बिनधास्त विचारा.

आधी जागेबद्दल. टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग नावाचं गजबजलेलं गाव आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम १,३०० फुटांवर. त्याच्या अगदी डोक्यावर माउंट लकाँट उभा आहे, ६,५९३ फूट. लॉज माथ्याच्या थोडं खाली, ६,४०० फुटांच्या आसपास. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे त्याहून हजार फूट वर झोपायचं. वर जायला रस्ता नाही. पाच वेगवेगळ्या पायवाटा आहेत, त्यातली सगळ्यात जवळची पाच मैलांची आणि लांबची आठ मैलांची. चालत गेलात तरच मुक्काम, दुसरा मार्ग नाही.

वर वीज नाही, आंघोळीची सोय नाही. खोलीत रॉकेलचा दिवा, गॅसचा एक हीटर, एकावर एक लाकडी पलंग, जाड लोकरी ब्लँकेटं, एक घमेलं आणि एक बादली. स्वयंपाकघराजवळ गरम पाण्याचा नळ आहे, तिथून बादली भरून आणायची. संडास सामायिक, खोल्यांपासून थोडे दूर, पण पाण्याचे आणि स्वच्छ. एका रात्री साठेक माणसं राहू शकतात. संध्याकाळचं जेवण सहाला, सकाळची न्याहारी आठला, दोन्ही भाड्यात धरलेली.

आम्ही अ‍ॅलम केव्हच्या वाटेने चढलो. बाबा ६८ वर्षांचे, नाशिकचे. तरुणपणी हरिहर, रतनगड, साल्हेर सगळं पालथं घातलेले. गुडघे अजून साथ देतात. आईचे देत नाहीत, त्यामुळे ती, माझा नवरा आणि लेक खाली गॅटलिनबर्गला थांबले. हे ठरवताना घरात बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, "तुम्ही जा, मला वरचं सगळं नीट सांगा." ते "नीट सांगा" माझ्या डोक्यात पूर्ण वाटभर होतं.

वाटेचा पहिला दीड मैल ओढ्याच्या कडेने, अगदी सौम्य. मग एका खडकाच्या भोकातून पायऱ्या चढून जावं लागतं, त्याला आर्च रॉक म्हणतात. तिथून खरी चढण सुरू. साधारण सव्वादोन मैलांवर अ‍ॅलम केव्ह येते. नाव गुहेचं, पण ती गुहा नाहीच. आपण जिला कपार म्हणतो तशी, डोंगराच्या पोटाला पडलेली अजस्र कपार. वरून खडक एवढा पुढे आलाय की बाहेर पाऊस पडत असताना आत पायाखाली कोरडी धूळ उडते. १८३० च्या दशकात इथे खाणकाम चालायचं, एप्सम सॉल्टसाठी, आणि यादवी युद्धात बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा इथून काढला गेला. बाबांनी ती धूळ चिमटीत घेतली, बोटांवर चोळली आणि म्हणाले, "चव घेऊ नकोस, पण वास घे." फटाक्याच्या पेटीसारखा वास होता.

बरेचसे लोक इथूनच परततात. पुढची वाट अरुंद होत जाते. एका बाजूला ओला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि कातळात ठोकलेले लोखंडी दोर. कोरड्या हवेत दोरांची तशी गरज लागत नाही, बर्फ असला की त्यांच्याशिवाय चालताच येत नाही म्हणे. बाबांनी दोर धरला आणि लगेच हरिहरच्या पायऱ्यांमधल्या खोबण्यांची आठवण काढली.

पाच हजार फुटांच्या वर झाडं बदलतात. खालची पानझडी झाडं संपतात आणि स्प्रूस-फरचं जंगल लागतं. वास एकदम बदलतो, थंड आणि राळेचा. मध्ये मध्ये पांढरे पडलेले उभे सांगाडे दिसतात. ते फ्रेझर फरचे वृक्ष. युरोपातून आलेल्या एका बारीक किडीने (मावा असतो ना, तशाच जातीची) या पर्वतरांगांतले हे मोठे वृक्ष गेल्या काही दशकांत फार मोठ्या संख्येने मारले. खाली कोवळी रोपं उगवलेली दिसतात. ती किती मोठी होतील कुणास ठाऊक, पण ती बघून बरं वाटलं.

पाच तासांनी आम्ही वर पोहोचलो. तरुण मंडळी तीन-साडेतीन तासांत जातात. आम्ही थांबत, खात, बोलत गेलो.

आता दिव्याबद्दल, कारण माझ्यासाठी तो मुक्काम म्हणजे तो दिवा. अंधार पडायला लागला तशी मी काडी ओढून दिवा लावला आणि उजेड जास्त हवा म्हणून वात भसकन वर केली. दोन मिनिटांत काचेच्या तोंडाशी काळी काजळी. बाबा उठले. न बोलता वात खाली केली, ज्योत कापलेल्या नखासारखी सपाट आणि पिवळी झाली तेव्हा थांबले. म्हणाले, "आजी रोज संध्याकाळी सहा काचा पुसायची. राखेने. हात आत जाईना म्हणून मला बोलवायची, माझा हात लहान होता ना." हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी ४१ वर्षांची आहे आणि बाबांच्या घरात सहा कंदील होते हे मला टेनेसीतल्या डोंगरावर कळलं.

शेजारच्या खोलीतल्या वयस्कर अमेरिकन जोडप्याच्या दिव्याचीही तीच गत झाली होती, खिडकीतून दिसत होतं. बाबा जाऊन दार वाजवून आले. त्यांना इंग्रजी फार बोलता येत नाही, पण वात खाली करून दाखवायला भाषा लागत नाही. सकाळी न्याहारीला त्या आजींनी त्यांच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती.

लॉजच्या इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२५ मध्ये पॉल अ‍ॅडम्स नावाच्या तरुणाने इथे तळ टाकला. तेव्हा स्मोकीला राष्ट्रीय उद्यान करावं म्हणून खटपट चालू होती आणि बड्या पाहुण्यांना वर आणून डोंगर दाखवायचा होता. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, जॅक हफने इथे लाकडी लॉज उभारायला घेतला. त्याचे वडील गॅटलिनबर्गमध्ये हॉटेल चालवायचे. जॅकची आई आजारी असायची आणि तिला हा माथा बघायचा होता. त्याने एक खुर्ची पाठीला बांधली, आईला त्यात बसवलं आणि चढला. त्याचा जुना फोटो प्रसिद्ध आहे. जॅक पुढे तोंड करून वाकलेला, आणि पाठीवर उलट्या दिशेला तोंड करून शांत बसलेली त्याची आई. मी तो फोनमध्ये घेऊन ठेवला होता. रात्री दिव्याच्या उजेडात बाबांना दाखवला. ते म्हणाले, "श्रावणबाळच की." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिला आणायला हवं होतं."

पहाटे मर्टल पॉइंटवर गेलो, लॉजपासून पाऊण मैलावर. डोक्याला लावायची बॅटरी लागते. पूर्वेला उघडा कडा आहे. आधी दऱ्यांत ढग साचलेले, मग एकामागे एक निळ्या रांगा, मागची पुढचीपेक्षा फिकट. चेरोकी लोकांनी या डोंगरांना निळ्या धुराची जागा म्हटलं ते का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. जॅक आणि पॉलीन हफचं लग्न १९३४ मध्ये इथेच सूर्योदयाला लागलं होतं. आपल्याकडचा गोरज मुहूर्त ऐकलाय, हा पहाटेचा.

बाबांनी तिथून आईला फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. मग मोबाइलवर तिच्यासाठी बोलून ठेवलं, चार मिनिटं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दाम लांब उभी राहिले.

डोंगरवेडा

सुंदर. खूप दिवसांनी इथे असं काही वाचलं. फोटो असतील तर टाका.

आरक्षण कसं मिळालं ते सांगाल का? मी दोन वर्षं प्रयत्न करतोय, हाती काही लागत नाही.

पाऊलवाट

धन्यवाद. फोटो उद्या टाकते, नवऱ्याच्या संगणकावर आहेत.

आरक्षण अवघडच आहे. हंगाम मार्चच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. आदल्या शरद ऋतूत पुढच्या वर्षासाठी अर्ज मागवतात आणि सोडत काढतात. शनिवार-रविवार आणि ऑक्टोबरातल्या रंगीत पानांचे दिवस मागितले तर नंबर लागणं कठीण. मला सोडतीत मिळालं नव्हतं. मी प्रतीक्षायादीत नाव घातलं आणि "आठवड्याच्या मधली कुठलीही रात्र, दोन माणसं" असं कळवलं. रद्द झालेली एक मंगळवारची रात्र मिळाली, नऊ दिवस आधी कळलं. तेवढी लवचीकता ठेवता आली तर आशा आहे. मोठा गट असेल तर सोडतच भरा.

नीलमोहर

आम्ही शार्लटहून मे महिन्यात गेलो होतो. ताईंनी कोरड्या दिवसाचं लिहिलंय, मी ओल्याचं लिहिते, कारण तिथे ओले दिवस फार. या माथ्यांवर वर्षाला ८० इंचांहून जास्त पाऊस पडतो.

खाली गाडी लावली तेव्हा ऊन होतं, २४ अंश. माझ्या भावाने जीन्स आणि सुती टी-शर्ट घातला होता. तिसऱ्या मैलाला पाऊस आला, चौथ्याला धुकं आणि वारा. जीन्स भिजून इतकी जड झाली की त्याला पाय उचलवेना, आणि तो थरथरायला लागला. बोलणं अडखळायला लागलं तेव्हा मी घाबरले. आम्ही त्याला एका खडकाच्या आडोशाला घेऊन सगळे ओले कपडे काढायला लावले, माझ्या नवऱ्याची कोरडी लोकरी बंडी आणि पावसाळी पँट घातली, गूळ-शेंगदाणे खायला दिले. अर्ध्या तासाने तो ठीक झाला. वर पोहोचल्यावर भोजनगृहात हातात गरम चॉकलेटचा कप मिळाला, तो त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, प्यायलाच नाही कितीतरी वेळ.

तेव्हा कृपा करून सुती कपडे घालून जाऊ नका. सह्याद्रीत पावसात भिजणं ही मजा असते, कारण आपला पाऊस कोमट असतो. इथला तसा नाही. लॉजवर आजवर तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेल्याची नोंद नाही, म्हणजे भर उन्हाळ्यातही २६-२७ सेल्सिअस. मेमध्ये रात्री दोन-तीन अंशांवर येतं. पिशवीत एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत तो उघडू नका.

पाऊलवाट

नीलमोहर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. वरच्या लेखात घालायला हवं होतं.

सह्यमित्र

लेख आवडला, पण एक शंका मनापासून मांडतो. मी पुण्यात गडसंवर्धनाचं काम करतो. राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम करणाऱ्यांनी काय करून ठेवलं ते आम्ही पोत्यांनी उचललंय. हरिश्चंद्रगडाच्या गुहांपाशी बाटल्या, वेफर्सची पाकिटं, चुलीच्या धुराने काळं झालेलं कोरीव काम. माझं मत असं झालंय की माथ्यावर मुक्काम नकोच, मुक्काम पायथ्याच्या गावात करावा, म्हणजे गावालाही चार पैसे मिळतात. मग संरक्षित जंगलाच्या माथ्यावर रोज साठ माणसांना जेवू-झोपू घालणारा लॉज कशाला हवा? वीज नसली म्हणून घाण कमी होते असं नाही.

पाऊलवाट

सह्यमित्र, शंका रास्त आहे, आणि तुमच्या पायथ्याच्या गावाच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. पाचनईत किंवा गुंजवण्यात मावशींच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन ओसरीवर झोपणं याला तोड नाही.

इथलं थोडं वेगळं आहे. हा लॉज उद्यानाच्या आधीचा. लॉज १९२६ चा, उद्यान १९३४ चं. आणि वर काय न्यायचं याला पहिल्यापासून नैसर्गिक मर्यादा आहे: जे न्यायचं ते बहुतेक कुणाच्या तरी पाठीवरून. पूर्वी घोडे सामान न्यायचे, त्यांच्या खुरांनी वाट फार उखडायची. म्हणून १९८६ पासून लामा वापरतात. दक्षिण अमेरिकेतला तो उंच मानेचा प्राणी. त्याचे तळवे मऊ, वजन कमी. हंगामात आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, लामांची रांग ट्रिलियम गॅपच्या वाटेने चढते. धुतलेल्या चादरी आणि ताजं सामान वर, मळलेल्या चादरी आणि कचरा खाली. जड वस्तू, गॅस, पीठ-डाळींसारखं टिकाऊ सामान हंगामाच्या सुरुवातीला हेलिकॉप्टरने एकदाच टाकतात.

आम्ही उतरताना मुद्दाम ट्रिलियम गॅपची वाट धरली, खाली नवरा गाडी घेऊन आला होता. बुधवार होता. ग्रोटो धबधब्यापाशी वाट पाण्याच्या पडद्यामागून जाते. आम्ही पडद्याच्या अलीकडे थांबलो आणि समोरून लामा आले, एकामागोमाग एक, पाठीवर दोन्ही बाजूंना लादलेलं. पाण्याच्या मागून त्यांच्या माना आधी दिसल्या. वाट अरुंद, आम्ही कड्याच्या बाजूला अंग चोरून उभे राहिलो. बाबांनी हात जोडले. बैलपोळ्याला आमच्या आजोळी बैलांपुढे जोडायचे तसेच.

माथ्यावर कागदाचा कपटाही दिसला नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मी म्हणेन की याचं श्रेय जागेला कमी आणि कचरा नेमाने खाली नेणाऱ्या माणसांना जास्त. आपल्याकडे मुक्काम बंद करणं हा उपाय तुम्हाला योग्य वाटत असेल तर तुम्ही तिथे काम करता, तुमचा शब्द माझ्यापेक्षा वजनदार आहे.

सह्यमित्र

पटलं. विशेषतः कचरा खाली नेण्याची जबाबदारी ठरलेली आहे, हा मुद्दा. आमच्याकडे नेमकं तेच होत नाही. वर नेणारा एक, खाली आणणारा कुणीच नाही. लामांचं वेळापत्रक आमच्या बैठकीत सांगणार आहे.

रानजाई

मी माथेरानची. सामान पाठीवरून हे वाचून एकदम घरचं वाटलं. आमच्याकडे मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे घोडे, हातगाड्या आणि माणसांची डोकी. लहानपणी आमच्या घरी शिंप्याचं यंत्र आलं ते डोक्यावरून. पाहुण्यांना या गोष्टीची मौज वाटते आणि वाटावी, पण ओझं वाहणाऱ्याचं नाव-गाव विचारावं एवढंच मला नेहमी वाटतं. माझे आजोबा घोडा चालवायचे. पाऊलवाट, तुमच्या बाबांनी लामांना हात जोडले हे वाचून डोळे भरून आले.

लॉजवर काम करणारी माणसं हंगामभर वरच राहतात का?

पाऊलवाट

हो रानजाई, छोटा चमू आहे, पाळीपाळीने वर राहतात. आम्हाला वाढणारी मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. सुट्टीला खाली जाते आणि परत चढून येते, म्हणजे तिची कामावर येण्याची वाट पाच मैलांची चढण. हिवाळ्यातही एक राखणदार वर असतो. बाबांनी तिला आमच्या डब्यातली गूळपोळी दिली. तिने तिथेच उभ्या उभ्या खाल्ली आणि विचारलं, यात काय आहे. तीळ, गूळ, बेसन, तूप सांगितलं.

स्वातीनक्षत्र

जेवणाचं सांगा ना. आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. आणि आंघोळीशिवाय त्यांचं पान हलत नाही. त्यांची इच्छा आहे डोंगरावर राहायची, तब्येतही ठणठणीत आहे (वय ६४, रोज पाच किलोमीटर चालतात), पण या दोन गोष्टींवर गाडी अडली आहे.

पाऊलवाट

जेवणाचा बेत ठरलेला असतो: सूप, बीफ, कुस्करलेले बटाटे, शेंगा, मक्याचा पाव, पीच, बिस्किट, असा. शाकाहारी हवं असेल तर आरक्षण करतानाच सांगायचं, आयत्या वेळी नाही. आम्हाला मांसाऐवजी वेगळं ताट मिळालं, बाकी सगळं तेच आणि पोटभर. न्याहारीला पॅनकेक, अंडी, बिस्किटं, मक्याची खीर असते तसं ग्रिट्स, भरपूर कॉफी. कांदा-लसणाचं मात्र मी खात्री देणार नाही. सासूबाईंसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-खोबरं असं दोन दिवस टिकेल ते न्या, म्हणजे त्यांच्या मनाला घोर नाही. खाऊ मात्र खोलीत उघडा ठेवू नका, लाकडी घर आहे, उंदीर येतात. आणि वाटेत कुठेही खरकटं टाकू नका, अगदी केळ्याचं सालही.

आंघोळीबद्दल: बाबाही रोज आंघोळ करून संध्या करणारे. त्यांनी पहाटे गरम पाण्याची बादली आणली, पंचा भिजवून अंग पुसलं, घमेल्यात हातपाय धुतले, ओल्या अंगाने कुडकुडत कोरडं धोतर नेसले आणि पलंगाच्या कडेला बसून संध्या केली. मला म्हणाले, "वारीत तरी कुठे न्हाणीघर असतं?" सासूबाईंना हे सांगून बघा.

अनाहत

आम्हाला आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. अस्वलांची भीती वाटते. तिथे खूप आहेत ना?

डोंगरवेडा

अस्वलांचं मी सांगतो, स्मोकीत बऱ्याचदा जातो. उद्यानात काळी अस्वलं दीड हजारांहून जास्त आहेत. दिसलंच तर ५० यार्डांपेक्षा जवळ जायचं नाही, तसा नियमच आहे. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, मुलांना मध्ये घ्यायचं आणि सावकाश मागे सरायचं. मुलांना पुढे पळू देऊ नका, बोलत बोलत चाला. बहुतेक वेळा अस्वल तुमच्याआधी निघून जातं. मला अ‍ॅलम केव्हच्या वाटेवर एकदाच दिसलं, ओढ्यापलीकडे झाडाचं खोड उकरत होतं, आमच्याकडे पाहिलंही नाही.

आणखी एक, गाडीचं. २०२३ पासून उद्यानात गाडी लावायला पार्किंग टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५. मुक्कामाला जाताय म्हणजे दोन दिवस गाडी उभी, तर आठवड्याचाच घ्या. अ‍ॅलम केव्हची जागा सकाळी आठपर्यंत भरते.

अनाहत

खूप आभार. मुलांना लामांचं वाचून दाखवलं. आता त्यांना बुधवारचीच तारीख हवी आहे.

ओवी_का

माझी आई ७१ वर्षांची आहे. पाऊलवाटच्या आईंसारखाच गुडघा. तरी तिला नेता येईल का, की मी स्वप्नं बघतेय?

पाऊलवाट

वयाचं म्हणाल तर त्या डोंगराने वयाला कधी अडवलेलं नाही. मार्गारेट स्टीव्हन्सन नावाच्या बाई सातशेहून जास्त वेळा लकाँट चढल्या, ऐंशी ओलांडल्यावरही. रूफस मॉर्गन नावाचे धर्मगुरू नव्वदी पार केल्यावरही चढले, तेव्हा दृष्टी जवळजवळ गेली होती. पण ते आयुष्यभर चढत आलेले लोक. दुखऱ्या गुडघ्याला चढण सोसते, उतरण सोसत नाही, आणि तिथे २,७०० फूट उतरायचं असतं. वर गाडी येत नाही, अडलं तर सुटका करणाऱ्यांनाही बहुतेक वेळा चालतच यावं लागतं. माझ्या आईच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि आम्ही ऐकलं. तुम्हीही आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग जवळच्या टेकडीवर पाठीला पाच किलो लावून दोनेक महिने चढ-उतार करून बघा. जमलं तर पाच वाटांपैकी बुलेव्हार्डची वाटही बघा, लांब आहे पण सुरुवातच पाच हजार फुटांवरून होते, मात्र मध्ये चढ-उतार बरेच आहेत.

नाहीच जमलं तर आम्ही केलं ते करा. आम्ही खाली आल्यावर आईला न्यूफाउंड गॅप नावाच्या खिंडीत गाडीने नेलं. तिथून बाबांनी बोटाने लकाँट दाखवला आणि फोनमधलं ते चार मिनिटांचं बोलणं तिला ऐकवलं. ती कठड्याला टेकून डोंगराकडे बघत ऐकत होती. संपल्यावर तिने परत पहिल्यापासून लावलं.

स्वातीनक्षत्र

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. वारीतल्या न्हाणीघराच्या वाक्याला त्या मनापासून "खरंय" म्हणाल्या. पुढच्या सोडतीत अर्ज भरतोय, चार माणसं.

त्यांनी तुमच्या बाबांना विचारायला सांगितलंय, दिव्याची काच काळी होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं? त्यांच्याकडे लहानपणी फक्त चिमणी होती, काचेचा दिवा त्यांनी कधी हाताळलेला नाही.

पाऊलवाट

विचारलं. बाबा आत्ता नाशिकला आहेत, फोनवर त्यांनी सांगितलं तसं लिहिते.

काच उचलायच्या आधी ती गार आहे ना हे बघा. वातीचं टोक वाकडं असेल तर एक कोपरा धूर करतो, ते तिथल्या माणसांना दाखवा, स्वतः कापू नका. पेटवताना वात अगदी कमी ठेवा. काच लावा. मग पाच मिनिटं हात लावू नका, काच तापू दे. तापली की वात थोडी थोडी वर करा, ज्योत काचेत हलायची थांबली की तिथेच सोडा. झोपताना वात खाली करून विझवा, वरून फुंकर मारू नका. आणि काचेला आतून धूर धरलाच तर सकाळी वर्तमानपत्राचा कोरडा कागद चुरगाळून फिरवा. हात आत जात नसेल तर लहान मुलाला बोलवा.